उकिरडा हलला, घारींची वाट बदलली: लोहगावच्या उड्डाणमार्गाखालचं एक प्रकरण

पुण्याच्या धानोरीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर वर्षानुवर्षं साचणारा मांसाचा कचरा रहिवाशांनी एकत्र येऊन हटवला. वस्तीला त्याचा फायदा झाला. दुर्गंधी गेली, भटक्या कुत्र्यांचा त्रास कमी झाला. पण पुढच्या काही महिन्यांत लोहगाव विमानतळावरून पश्चिमेला उडणाऱ्या विमानांच्या वाटेवर घारी आधीपेक्षा जास्त दिसू लागल्या. विमानांना पक्ष्यांचा धोका म्हटलं की आपली नजर विमानतळाच्या भिंतीच्या आत जाते. या प्रकरणातलं बरंचसं कारण मात्र भिंतीच्या बाहेर, चिकनच्या दुकानांच्या मागे होतं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

मी याच भागात राहतो आणि पक्षी पाहणं हा माझा जुना नाद आहे. विमानांच्या बाजूचं जे काही इथे सांगतो आहे, त्यातलं बरंचसं आमच्या सोसायटीत राहणाऱ्या, वायुदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी समजावून दिलेलं आहे. त्यांना सगळे वॉरंट साहेब म्हणतात.

आधी जागा समजून घ्यायला हवी. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे आणि साधारण पूर्व-पश्चिम पडते. तळ वायुदलाचा, १९३९ पासूनचा. प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून ये-जा करतात आणि हवाई वाहतूक नियंत्रणही वायुदलाकडेच आहे. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं, त्यामुळे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की उड्डाणं पश्चिमेकडे होतात. धावपट्टीची रेषा पश्चिमेला तशीच पुढे ओढली तर ती उत्तरेच्या धानोरी आणि दक्षिणेच्या टिंगरेनगर यांच्या मधून जाते. या रेषेखाली शेत किंवा माळ नाही. घरं आहेत, शाळा आहेत, मटण-चिकनची दुकानं आहेत, नाला आहे. २०१७ मध्ये लोहगावचा उरलेला भाग महापालिकेत आला. तोवर या सगळ्या पट्ट्यात वस्ती आधी वाढली आणि कचऱ्याची सोय मागून येत राहिली.

आता घारी. दिघीच्या बाजूला जुनी, उंच झाडं आहेत. तिथे घारींचा रातथारा आहे, म्हणजे संध्याकाळी एकत्र येऊन रात्र काढायची जागा. पुण्यातल्या घारींच्या अशा सामूहिक रातथाऱ्यांचा अभ्यास १९८० च्या दशकातही झालेला आहे, तेव्हा ही काही आजची गोष्ट नाही. उजाडलं की घारी एकेक करून निघतात. पहिला तास-दीड तास पंख मारत, कमी उंचीवरून जातात. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात. घारी त्या झोतांत पंख पसरून गोल गोल वर चढतात आणि मग सरळ रेषेत पुढच्या खाण्याच्या जागेकडे घसरत जातात. रातथारा आणि खाण्याची जागा, या दोन टोकांमध्ये त्यांची रोजची वाट ठरते. विमानासाठी धोका कुठे आहे हे ठरवायला ही वाटच पाहावी लागते. कचऱ्यावर बसलेली घार विमानाला काही करत नाही.

जुना प्लॉट धानोरीच्या आतल्या बाजूला होता. रातथारा दिघीला, खाणं धानोरीला, दोन्ही जागा रेषेच्या उत्तरेलाच. घारींची ये-जा उत्तरेतल्या उत्तरेत व्हायची. प्लॉटवर गिरक्या घेता घेता काही घारी दक्षिणेला सरकत असतील, पण मुख्य वर्दळ उड्डाणाची रेषा ओलांडत नव्हती. ही कुणी केलेली सोय नव्हती, तसं सहज जमून आलं होतं.

मग प्लॉट साफ झाला. मंडळाच्या पोरांनी पुढाकार घेतला, जेसीबी आला, पत्र्याचं कुंपण बसलं, भिंतीवर रंगकाम झालं, दिवा लागला. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो कचरा जिथून यायचा ती दुकानं जागेवरच होती. रोज निघणारी आतडी, पिसं, मुंड्या, माशांचं डोकं-शेपूट, हे सगळं कुठेतरी जाणारच होतं. ते गेलं टिंगरेनगरच्या अंगाला, एका नाल्याच्या काठावर. टेम्पोवाला गुपचूप नेऊन टाकायचा.

आता रातथारा उत्तरेला आणि ताट दक्षिणेला. रोज सकाळी घारी दिघीकडून निघून धावपट्टीची पश्चिमेकडची रेषा आडवी कापायला लागल्या आणि दुपारनंतर पुन्हा परतीच्या वाटेवर. गच्चीवर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसायचं. एका बाजूने विमान उठतंय आणि समोरून तीन-चार घारी एकामागोमाग तिरक्या उतरत दक्षिणेला चालल्या आहेत, हे दृश्य पाहताना पोटात गोळा यायचा. त्या विमानात कुणाची तरी आई असते, पहिल्यांदा नोकरीला निघालेली पोरगी असते.

मी वॉरंट साहेबांना गच्चीवर बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "ही विमानं इथवर येईतो किती उंचीवर असतात, अंदाज आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, साहेब."

"भिंत ओलांडल्यावर किलोमीटर-दोन किलोमीटरपर्यंत साधारण पाचशे ते हजार फूट. आणि तुमच्या घारी?"

घारी नेमक्या तेवढ्याच उंचीवर होत्या.

उड्डाणाचीच वेळ इतकी नाजूक का, हे त्यांनी मला टप्प्याटप्प्याने सांगितलं. उड्डाणाच्या वेळी इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीवर असतं, टाक्यांत इंधन भरलेलं असतं, विमान जड असतं आणि जमीन जवळ असते. उतरताना इंजिनाची ताकद कमी लागते. उडताना तीच ताकद विमानाला वर धरून ठेवते. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक एक वेग ठरवून ठेवतात, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगाच्या आत काही गंभीर बिघडलं तर ब्रेक मारून थांबता येतं. तो वेग ओलांडला की मग उडायचंच, कारण थांबायला धावपट्टी पुरत नाही. म्हणून व्ही-वन आला की कॅप्टन इंजिनाच्या दांड्यावरचा हात काढून घेतो. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा विरळ, एप्रिल-मे मध्ये तापून आणखी विरळ. त्यामुळे तेच विमान मुंबईपेक्षा इथे जास्त धावून उठतं.

धडकेचा हिशेबही त्यांनी करून दाखवला. घारीचं वजन धरा ७०० ग्रॅम. विमानाचा वेग धरा ताशी २७० किलोमीटर. धडकेतली ऊर्जा येते सुमारे २,००० ज्यूल. वीस किलोचं धान्याचं पोतं दहा मीटर उंचीवरून पडल्यावर जेवढी होईल तेवढी, आणि तीही तळहाताएवढ्या जागेवर. वेग दुप्पट झाला तर ही ऊर्जा चौपट होते. काचेला, पंखाच्या पुढच्या कडेला, नाकाला धडक बसली तर पत्र्याला पोचे पडतात, दुरुस्ती लागते. पण खरी काळजी इंजिनाची. समोरचा पंखा इतक्या वेगाने फिरत असतो की त्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जातात. पातं वाकलं किंवा तुटलं की आतल्या हवेचा प्रवाह फिसकटतो, मोठे धमाके होतात, मागून ज्वाळा दिसतात आणि इंजिनाची थरथर प्रवाशांना पायाखाली जाणवते.

मी घाबरून विचारलं, "म्हणजे एक घार विमान पाडू शकते?"

"नाही," ते ठामपणे म्हणाले. "एक घार, एक इंजिन, तर विमान परत येतं. त्यासाठीच तर चाचण्या असतात."

ही बाब नीट समजली पाहिजे, कारण यात अतिशयोक्तीही खूप चालते. प्रवासी विमानाच्या इंजिनावर पक्षी झाडून चाचण्या घेतल्या जातात. मध्यम आकाराच्या इंजिनात पावणेतीन किलोचा एकच मोठा पक्षी गेला तर ते बंद पडलं तरी चालतं, पण फुटून तुकडे बाहेर उडता कामा नयेत, आटोक्याबाहेरची आग लागता कामा नये. थव्याने उडणारे मध्यम वजनाचे पक्षी गेले तर इंजिनाने किमान ७५ टक्के ताकद द्यावी आणि विमान परत आणण्यापुरतं, म्हणजे २० मिनिटं, चालत राहावं अशी अपेक्षा असते. घारीचं वजन या दुसऱ्या गटात बसतं. शिवाय दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करू शकेल, याचा हिशेब करूनच ते सोडलेलं असतं. १९ जून २०२२ रोजी पाटण्याहून उडालेल्या विमानाच्या एका इंजिनाला पक्षी धडकला, वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि १८५ प्रवाशांसह विमान पाटण्यालाच सुखरूप उतरवलं.

धोका आहे तो अनेक पक्षी एकाच वेळी दोन्ही इंजिनांत जाण्याचा. १५ सप्टेंबर १९८८ रोजी इथिओपियातल्या बहिर दारहून एक बोइंग ७३७ उडत होतं. ती धावपट्टीही उंच पठारावरची. विमान उचललं जात असतानाच कबुतरांचा थवा दोन्ही इंजिनांत शिरला. वैमानिकांनी विमान वर नेलं, वळवलं, परत आणण्याचा प्रयत्न केला, पण वाटेतच दोन्ही इंजिनं गेली आणि विमान चाकं न उघडता जमिनीवर उतरवावं लागलं. १०४ पैकी ३५ जणांचा जीव गेला. ती कबुतरं घारीच्या निम्म्या वजनाचीसुद्धा नव्हती. त्याआधी, १९६० मध्ये बोस्टनला, साळुंकीएवढ्या पक्ष्यांच्या थव्यातून उडालेलं विमान पाण्यात कोसळलं आणि ६२ जण गेले. पक्ष्याचा आकार पाहून धोका मोजता येत नाही. किती पक्षी, किती दाटीने आणि नेमके कुठे, हे बघावं लागतं.

आमच्या प्रकरणात त्या दाटीचा संबंध थेट वारांशी होता, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार बरेच लोक मांसाहार करत नाहीत. मटण-चिकनची खरी विक्री रविवारी, त्याखालोखाल बुधवारी आणि शुक्रवारी. नाल्यावरचा कचरा त्याच वारांना वाढायचा आणि घारींची संख्याही. रविवारी सकाळी नऊनंतर तिथे आभाळात घारींची चक्क रांग लागायची. आखाड लागला की हे आणखी वाढायचं आणि गटारी अमावास्येच्या आसपास तर विचारूच नका. श्रावण सुरू झाला की एकदम उतार. पंचांग आणि घारी यांचा असा थेट संबंध मी आधी कधी लक्षात घेतला नव्हता, पण एकदा दिसला की मग दर आठवड्याला दिसतो. आखाड येतो तो पश्चिमेच्या वाऱ्याच्या दिवसांत, म्हणजे उड्डाणं आमच्याच बाजूने होत असतात तेव्हा.

लोकांनी सुचवलेला पहिला उपाय फटाक्यांचा. नाल्यावर सुतळी बॉम्ब लावून घारी उडवू, असं दोघा-तिघांनी उत्साहाने सांगितलं. वॉरंट साहेबांनी तो कडकपणे थांबवला. बसलेला पक्षी जमिनीवर असतो. तो दचकवला तर वर जातो, आणि वर नेमकं विमान असेल तर धडक आपणच घडवून आणतो. विमानतळाच्या आत पक्षी हाकलणारे कर्मचारी असतात, गॅसची तोफ असते, पण ते काम नियंत्रण कक्षाशी बोलून, विमानांच्या मधल्या वेळात केलं जातं. भिंतीबाहेरच्या माणसाने स्वतःच्या मनाने हे कधीही करू नये. शिवाय घार हुशार असते. रोजच्या आवाजाला ती काही दिवसांत सरावते. मारणं तर सोडाच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे आणि शहरातली घाण ती फुकट उचलते हेही विसरून चालणार नाही.

कायदा या प्रश्नावर गप्प नाही. विमान नियम १९३७ मधला नियम ९१ सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत. त्यात हॉटेलं, मटणाची आणि माशांची दुकानं यांच्या कचऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. लोहगावभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर विमाननगर, खराडी, वाघोली, येरवडा, कोरेगाव पार्क, खडकी, अगदी पुणे स्टेशनसुद्धा त्यात येतं. एवढ्या मोठ्या भागातलं प्रत्येक दुकान आणि प्रत्येक कोपरा सारख्याच नजरेने तपासायचा म्हटलं तर माणसं कुठून आणणार? म्हणून कारवाई होते ती जिथे तक्रार होते तिथे, आणि तक्रार होते ती वास येतो तिथे. धानोरीचा प्लॉट वास येत होता म्हणून साफ झाला. नाल्याचा काठ वस्तीपासून जरा लांब, म्हणून तिथली तक्रार कुणी केली नाही. माझं स्पष्ट मत असं, की वर्तुळ राहू द्यावं, पण त्याच्या आत धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचे पट्टे आणि ज्ञात रातथारे नकाशावर आधी काढावेत आणि कचऱ्याची गाडी, तपासणी, दंड यांचा क्रम त्यावरून लावावा. एखादी जागा साफ करण्याआधी तिथला कचरा उद्या कुठे जाणार, हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे.

आम्ही कार्यालयांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी सांगितलं गेलं की पक्ष्यांचं काम विमानतळाचं आहे. दुसरीकडे सांगितलं की भिंतीबाहेरचा कचरा आमच्या हातात नाही. दोघांचंही कागदावर बरोबर होतं आणि घारी मधल्या जागेतून उडत होत्या. खरा मार्ग दुकानदारांशी बोलल्यावर सापडला. त्यातल्या एकाने जे सांगितलं ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो: "काका, मला हौस आहे का नाल्यावर टाकायची? गाडी येते दुपारी चारला. सकाळी आठपासून कटिंग चालू. आतडी आठ तास ठेवू कुठे? वास सुटला की गिऱ्हाईक नाक दाबून पुढच्या दुकानात जातं. टेम्पोवाला पैसे घेतो आणि उचलतो, तो कुठे टाकतो ते मी बघायला जात नाही."

म्हणजे अडचण आठ तासांची होती. दंडाने ते आठ तास कमी झाले नसते. शेजारशेजारच्या दुकानदारांनी मिळून एक जुना चेस्ट फ्रीजर घेतला आणि एका दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवला. आतडी आणि मुंड्या पिशव्यांत बांधून त्यात, पिसं झाकणाच्या ड्रममध्ये. विजेचं बिल वाटून घ्यायचं ठरलं. त्यावरून पहिल्याच महिन्यात भांडण झालं आणि मिटलंही. गोठलेला माल खाद्य बनवणाऱ्याला नेणं सोपं जातं म्हणून उचलणारा एक माणूसही मिळाला. टेम्पोची गुपचूप फेरी या दुकानांपुरती बंद झाली. रस्त्यावर मासे विकणाऱ्या मावशींची सोय मात्र अजून लागलेली नाही. त्यांच्याकडे ना खोली ना वीज.

नाल्यावरचा ढीग घटला तशी घारींची आडवी ये-जा घटली. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. सवय लागलेले पक्षी बरेच दिवस रिकाम्या जागेवरही फेरी मारतात आणि काही घारी अजून नाल्यावरून जातात. पहिला पाऊस पडला की वाळवीला पंख फुटून ती ढगासारखी बाहेर पडते. तेव्हा विमानतळाच्या गवतावर घारी, गायबगळे, टिटव्या सगळेच उतरतात आणि त्या दिवसांत दुकानदारांनी कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. ते काम भिंतीच्या आतलं, गवत आणि पाण्याच्या निचऱ्याचं.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर आमच्या भागात लोक रोज आभाळाकडे बघू लागले होते. त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात उड्डाणमार्गाजवळ पक्ष्यांचा लक्षणीय वावर आढळला नाही असं नमूद आहे. पण त्याच महिन्यात, २० जूनला, दिल्लीहून पुण्यात आलेल्या एअर इंडियाच्या विमानाला पक्षी धडकल्याचं उतरल्यावर लक्षात आलं आणि परतीचं उड्डाण रद्द झालं. दुखापत कुणालाही झाली नाही. अशा प्रत्येक धडकेनंतर विमानावर उरलेलं पीस, रक्ताचा डाग जपून ठेवणं फार मोलाचं असतं. कोईमतूरच्या सालिम अली पक्षिशास्त्र केंद्रात डीएनएवरून पक्ष्याची जात ओळखता येते. घार निघाली तर शोध मांसाच्या कचऱ्याचा घ्यायचा, पारवा निघाला तर धान्याचा, टिटवी निघाली तर धावपट्टीच्या कडेच्या गवताचा. जात कळल्याशिवाय उपाय करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

पारव्यांचं प्रकरण आमच्यापुढे आता उभं आहे. रेषेच्या अगदी खाली दोन-तीन इमारतींच्या गच्चीवर लोक रोज ज्वारी टाकतात. तिथे थवे जमतात आणि एकदम उठतात. बहिर दारची गोष्ट मी त्या लोकांना सांगितली आहे. श्रद्धेने दाणा घालणाऱ्या एका आजींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि दाणे खालच्या मैदानात, रेषेपासून लांब टाकण्याची तयारी दाखवली. इतरांशी बोलणं चालू आहे. आखाडातल्या शेवटच्या रविवारसाठी दुकानदारांनी दोन जादा ड्रम घेतले आहेत आणि कचऱ्याच्या गाडीच्या दोन फेऱ्या मागितल्या आहेत, सकाळी अकराला एक आणि दुपारी तीनला एक. अकराची मंजूर झाली आहे. तीनच्या फेरीसाठी अर्ज दिलेला आहे.